हिमस्खलनाचं बुलेटिन 'मध्यम' म्हणतंय, आभाळ निरभ्र आहे. मग फेब्रुवारीत अफरवटवर उतरावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या पाच जणांचा गट, सगळे सह्याद्रीत भरपूर फिरलेले. दोघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, सगळ्यांना बऱ्यापैकी स्कीइंग येतं. फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं, गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर उतरून अफरवटच्या, म्हणजे गुलमर्गच्या वरच्या डोंगराच्या, धारेने थोडं चालायचं आणि स्की पेट्रोलच्या (उतारांची देखरेख करणाऱ्या पथकाच्या) हद्दीबाहेरच्या उतारावरून खाली यायचं, असा बेत. चार दिवस हवा स्वच्छ राहणार आहे, बुलेटिनमध्ये धोका 'मध्यम' आहे, गाइड 'जाऊ' म्हणतो, आणि "उतार फार अंगावर येणारे नाहीत, कड्याजवळ आम्ही जाणारच नाही". एवढं पुरेसं आहे का, पिट (थर तपासायचा बर्फातला खड्डा) खणून खात्री करता येते का, आणि बीकन (गाडलेल्या माणसाची जागा दाखवणारं रेडिओ-यंत्र) आणि एअरबॅग (हिमस्खलनात फुगवायची पाठपिशवी) घ्यावी का?

आधी उत्तर: एवढ्या माहितीवर जाऊ नका. अफरवट टाळाच असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही जमवलेली माहिती जवळजवळ सगळी पुढच्या चार दिवसांची आहे, आणि त्या उताराचं काय होणार हे बरंचसं मागच्या दोन महिन्यांत ठरून गेलेलं असतं. डिसेंबरात पहिला बर्फ कधी पडला, त्यानंतर किती दिवस कोरडे गेले, त्या जुन्या थरावर आता किती ओझं बसलंय, हे आधी विचारा. आभाळ निळं आहे का, हे शेवटी.

'कड्याजवळ जाणार नाही' या वाक्यावर मात्र मला थांबायचंय. महाराष्ट्रातून येणाऱ्या चांगल्या, कसलेल्या ट्रेकरमध्ये हाच घोळ मला पुन्हा पुन्हा दिसतो. आपली नजर सह्याद्रीने तयार केलेली असते: कातळटप्पा, घसारा, दृष्टिभय. एका बाजूला खोल दरी दिसली की आपण सावध होतो, आणि समोर रुंद, गुळगुळीत, मोकळा उतार आला की सैलावतो. बर्फात धोका त्या मोकळ्या उतारावर असतो. साठ अंशांच्या पुढच्या भिंतीवर बर्फ साठतच नाही, पडता पडताच थोडा थोडा झडून जातो. पंचवीस अंशांच्या आत तो सहसा सुटत नाही. तीस ते पंचेचाळीस या पट्ट्यात बर्फ साठतोही आणि सुटतोही. बर्फाची अख्खी लादी तुटून येणारी, म्हणजे स्लॅब प्रकारची हिमस्खलनं बहुतांश याच पट्ट्यात होतात, त्यातही अडतीस अंशांच्या आसपास सर्वाधिक. आणि चांगल्या स्कीअरला सगळ्यात मजा येते तीही पस्तीस-चाळीस अंशांवरच. म्हणजे जिथे जायला पाय शिवशिवतात तीच जागा सर्वात वाईट.

नाळेचंही तसंच. घाटमाथ्यावर चढायचं तर आपण नाळ, म्हणजे कातळातली चिंचोळी घळ, शोधतो. दोन्ही बाजूंना कातळाचा आधार असतो, म्हणून ती सुरक्षित वाटते. हिमालयात हिवाळ्यात ती नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांवरचा बर्फ खाली नेणारा मार्ग. शिवाय तळाशी ती चिंचोळी असल्यामुळे छोट्याशा हिमस्खलनातही माणूस दोन-तीन मीटर खोल गाडला जातो. तेवढंच हिमस्खलन मोकळ्या मैदानात आलं असतं तर तो कदाचित कमरेपर्यंतच अडकला असता. चढायला आणि उतरायला सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार, धरा, घळ धरू नका.

मळलेल्या वाटेचा भरवसाही इथे सोडावा लागतो. उतारावर आधीच्या दहा जणांच्या स्कीच्या रेघा आहेत, म्हणजे उतार ठीक आहे, असं मुळीच नसतं. कमजोर थर एका जागी दीड मीटर खोल असतो, तर पलीकडे एखाद्या बुडालेल्या खडकाशेजारी चाळीस सेंटिमीटरवर. दहा जणांचं वजन त्याच्यापर्यंत पोचत नाही. अकरावा नेमका पातळ जागेवरून जातो, थर तिथे मोडतो आणि ती मोड क्षणात अख्ख्या उतारभर पळते.

हा कमजोर थर येतो कुठून? काश्मीरचा बर्फ बहुतेक सगळा पश्चिमी विक्षोभांतून, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांतून, येतो. एक विक्षोभ आला की दोन-तीन दिवस बर्फ, मग उघडीप, मग पुढचा. प्रत्येक खेपेचा बर्फ वेगळ्या तापमानात, वेगळ्या वाऱ्यात पडतो आणि एकावर एक थर साठत जातात. बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते, कारण वरचं पांघरूण तिची उष्णता अडवून धरतं. वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री उणे पंधरापर्यंत जातो. समजा बर्फ दोन मीटर जाड आहे. मग पंधरा अंशांचा फरक दोनशे सेंटिमीटरमध्ये विभागला जातो, दर दहा सेंटिमीटरला पाऊण अंश. एवढ्याने काही बिघडत नाही. कण गोल होत जातात, एकमेकांना चिकटतात, थर घट्ट होतो. आता तेच पंधरा अंश साठ सेंटिमीटर बर्फात बसवा. दर दहा सेंटिमीटरला अडीच अंश होतात. दहा सेंटिमीटरला एक अंश ही ढोबळ मर्यादा मानतात. तिच्या वर गेलं की खालची उबदार वाफ वेगाने वर चढते, वाटेतल्या कणांवर गोठते, आणि कण टोकदार, कोनदार, मोठे होत जातात. एकमेकांना धरून ठेवणारे त्यांचे सांधे मात्र नाहीसे होतात. आठ-दहा दिवसांत खालचा बर्फ जाड साखरेसारखा होतो: मूठ वळली तर वळत नाही, बोटांतून घरंगळून जातो.

म्हणून बर्फ कमी तर धोका कमी, ही समजूत उलटी आहे. पातळ बर्फ आणि लांबलेली कोरडी थंडी यांतूनच सगळ्यात वाईट पाया तयार होतो. गुलमर्ग ज्या रांगेत आहे त्या पीर पंजालचा स्वभाव एरवी बरा असतो. आपल्याकडच्या हिम-अभ्यासकांनी पश्चिम हिमालयाचे तीन पट्टे मानले आहेत. पीर पंजाल खालच्या पट्ट्यात येतो. तिथे हवा तुलनेने उबदार, बर्फ भरपूर आणि ओलसर, त्यामुळे वादळानंतर दोन-चार दिवसांत तो बसतो. मधल्या पट्ट्यात मुख्य हिमालयाच्या रांगा येतात. वरचा, काराकोरमचा पट्टा अतिथंड आणि कोरडा; तिथे कमजोर थर महिनोन्‌महिने जिवंत राहतो. गुलमर्गला नेहमी जाणारे लोक या जुन्या स्वभावावर विसंबून 'वादळानंतर दोन दिवस थांबा, मग खुशाल जा' असं सांगतात. भरपूर बर्फाच्या वर्षी ते बरंचसं खरंही असतं.

पण अलीकडे चिल्लई कलानच कोरडा जातो. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी, ऐन थंडीचे चाळीस दिवस. जानेवारी २०२४ मधले गुलमर्गचे तपकिरी, उघडे उतार सगळ्या देशाने फोटोंत पाहिले. महिनाअखेरीस बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत भरपूर पडला. २२ फेब्रुवारी २०२४ ला गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावरच्या कोंगडोरीजवळ मोठं हिमस्खलन झालं, एक रशियन स्कीपटू दगावला, बाकीच्यांना वाचवता आलं. अशा हंगामात पीर पंजाल लडाखसारखा वागतो, आणि दोन दिवस थांबण्याचा नियम तिथे चालत नाही. वरची लादी दोन दिवसांत घट्ट होते हे खरं. पण घट्ट लादी साखरेवर बसली तर ती जास्त रुंद तुटते. तुमच्या हंगामाचा डिसेंबर-जानेवारी कसा गेला हे मला तुमच्या प्रश्नात कुठेच दिसलं नाही. ते आधी शोधा. श्रीनगरच्या हवामान केंद्राच्या रोजच्या नोंदींतून गुलमर्गचा बर्फ आणि किमान तापमान कळतं. एका कागदावर तारखा लिहा, पुढे किती बर्फ, किती कोरडे दिवस, आणि त्या दिवसांतलं रात्रीचं तापमान. तासाभराचं काम आहे, आणि पुढच्या चार दिवसांच्या अंदाजापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता पिट. उपयोग आहे, पण तुम्ही समजता तो नाही. जागा निवडायची ती ज्या उतारावर जायचंय त्याच उंचीची, त्याच दिशेला तोंड असलेली, पण छोटी आणि खाली काहीही नसलेली. जमिनीपर्यंत किंवा निदान दीड मीटर खणायचं, सावलीतली भिंत फावड्याने सरळ तासायची. मग एक साधा रंगाचा ब्रश घेऊन भिंतीवरून आडवा हलकेच फिरवायचा. घट्ट थर तसेच राहतात, कमजोर थरातले कण झडतात आणि भिंतीत एक आडवी खाच उमटते. नवख्यालाही ती दिसते. मग मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी या क्रमाने थर किती कडक आहेत ते बघत खाली जायचं. वर एक बोटही कष्टाने शिरतंय आणि लगेच खाली अख्खी मूठ सहज आत जातेय, अशी जागा सापडली तर तिथला चिमूटभर बर्फ काळ्या पत्र्यावर घेऊन भिंगातून बघा. कणांच्या अंगावर बारीक पायऱ्यांसारख्या रेघा, पेल्याच्या आकाराचे तुकडे दिसले की समजायचं, हा जुना, कोरड्या दिवसांतला थर आहे आणि तो अजून बरा झालेला नाही.

त्यानंतर चाचणी. नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा खांब चारही बाजूंनी मोकळा करायचा. मागची बाजू दोरीने किंवा करवतीने कापतात. एका टोकाला फावड्याचं पातं आडवं ठेवून त्यावर दहा चापट्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तेरा-चौदाव्या चापटीला 'टप' असा कोरडा आवाज येतो, एक सरळ रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते आणि वरचा अख्खा ठोकळा पुढे सरकतो. हे एकदा स्वतःच्या हाताखाली झालेलं पाहिलं की हिमस्खलन म्हणजे काय हे माणसाला कायमचं कळतं. रेघ टोकापर्यंत गेली, तर त्या दिशेच्या आणि उंचीच्या तीस अंशांवरच्या कुठल्याही उतारावर त्या दिवशी पाय ठेवू नका.

पण रेघ नाही गेली तर? तर त्या नव्वद सेंटिमीटरमध्ये नाही गेली, एवढंच. पन्नास मीटर बाजूला वाऱ्याने दुप्पट बर्फ आणून टाकलेला असू शकतो. पिटमधून 'नको' हे उत्तर भरवशाचं मिळतं, 'चला' हे मिळत नाही. वाईट लक्षणं दिसत असताना एक चांगला पिट पुढे करून उतारावर शिरणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे जोर देऊन सांगते. आणि काही लक्षणांना पिट लागतच नाही. पायाखालून दबका 'व्हम्फ' आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ बोटभर खचला, स्कीच्या टोकापासून पुढे तडा पळाला, किंवा शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं, तर फावडं बाहेर काढण्याचीही गरज नाही. मागे फिरा.

वाऱ्याबद्दल थोडं, कारण अफरवटवर तो निर्णायक आहे. विक्षोभात तिथे वारा मुख्यतः पश्चिमेकडचा असतो आणि गुलमर्गकडे उतरणारी बाजू साधारण पूर्व-ईशान्येकडे तोंड करून आहे. म्हणजे मागच्या बाजूचा बर्फ उचलून धारेवरून या बाजूला टाकला जातो. आभाळातून एक कणही पडत नसताना हे चालू असतं. खाली गुलमर्गमध्ये तीस सेंटिमीटर पडला असेल, तर धारेखालच्या वळचणीत मीटरभर साठलेला असू शकतो. स्वच्छ सकाळी धारेवरून पांढरा धूर निघताना दिसला की पर्यटक फोटो काढतात. तुम्ही मात्र तो कुठे जाऊन पडतोय ते बघा. धारेच्या काठावर पुढे झुकलेली बर्फाची कमान, कॉर्निस, असते. ती वाटते त्याहून मागे तुटते. धारेवरून चालताना काठापासून चांगलं मागे, खडक दिसतोय तिथूनच चला. शिवाय ईशान्येच्या उतारांना हिवाळ्यात ऊन जेमतेम लागतं, म्हणून जुना कमजोर थर तिथेच सगळ्यात जास्त टिकतो. दक्षिणेकडच्या उतारांचं गणित वेगळं: चौतीस अक्षांशावरचं ऊन फेब्रुवारीत चांगलंच लागतं, दुपारी वरचा बर्फ ओला होतो आणि सुटायला लागतो. तिथून अकराच्या आत बाहेर पडा.

बुलेटिनचा मान ठेवून एक सांगते. आपल्याकडे हे काम डीआरडीओची संस्था करते. १९६९ साली मनालीत सुरू झालेली 'सासे', जी २०२० मध्ये 'डीजीआरई'मध्ये विलीन झाली. त्यांचं काम मोठं आहे आणि रस्ते, गावं, लष्करी चौक्या यांच्यासाठी ते अत्यंत मोलाचं आहे. पण बारामुल्ला जिल्हा, अमुक मीटरच्या वर, येत्या २४ तासांत, असं ते वाक्य असतं. अख्ख्या जिल्ह्याच्या सूचनेवरून धारेखालच्या एका घळीचा निर्णय करता येत नाही. दुसरं, 'मध्यम' या शब्दावर जाऊ नका. आकडा आणि रंग बघा आणि त्या पट्टीत त्याचा अर्थ काय दिलाय ते वाचा. पाच पायऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय पट्टीत तिसरी पायरी बरोबर मधली दिसते, पण धोका पायरीगणिक सारखा वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. तिसऱ्या पायरीवर माणसाच्या वजनाने हिमस्खलन सुटणं संभाव्य मानतात, आणि युरोपात स्कीअर व गिर्यारोहकांचे निम्म्याच्या आसपास मृत्यू याच पायरीच्या दिवशी होतात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरीच थांबतात.

तिसरं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: हौशी लोकांच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा हिमस्खलन सुरू करणारा त्यात सापडलेला माणूस स्वतः किंवा त्याच्याच गटातला कोणीतरी असतो. हे ऐकून घाबरून जाऊ नका. उलट यातच तुमच्या हातात काहीतरी आहे. बर्फाचे थर तुम्हाला बदलता येत नाहीत, कुठल्या कोनाच्या उतारावर जायचं हे मात्र ठरवता येतं. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते. स्की पोल उतारावर वरून खाली, उताराच्याच दिशेने टाकून त्यावर फोन ठेवा. नकाशावर कोनाचे रंग दाखवणारी ॲप्स वापरा, पण आपल्या भागासाठी त्यांच्यामागची उंचीची माहिती बहुधा तीस मीटरच्या चौकटींची असते. वीस मीटरचा चाळीस अंशी टप्पा त्यात पुसला जातो आणि उतार सपाट दिसतो.

कोन मोजताना नजर वरही टाका. तुम्ही उभे आहात ती जागा सपाट असेल, पण वरचा उतार कुठे येऊन थांबतो? २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथपुढच्या माणा गावाजवळ रस्त्यावर काम करणाऱ्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन आलं. ५४ माणसं होती, आठ गेली. कोणी उतारावर चढलेलं नव्हतं. ते राहत्या जागी होते. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला प्रशिक्षण घेत असलेले १७ जवान गेले, आणि खिलनमर्ग उन्हाळ्यात फुलांचं कुरण आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्याच हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू गेले. सोबतच्या एकोणीस परदेशी लोकांना बाहेर काढता आलं. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले २७ जण मृत सापडले, दोघे सापडलेच नाहीत. बेसिक किंवा ॲडव्हान्स कोर्स केलेल्या आपल्यापैकी कित्येकांची ती ओळखीची संस्था. त्या बातमीने आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. ओळखीचा डोंगर, अनुभवी प्रशिक्षक, ठरलेला कार्यक्रम, आणि ऑक्टोबर महिना. हिवाळाच लागतो असंही नाही. त्याच महिन्यात २०१४ साली हुदहुद चक्रीवादळाचा बर्फ नेपाळात पडला आणि अन्नपूर्णा परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यात थोरोंग ला ही खिंड ओलांडणारे साधे ट्रेकरही होते.

उतारावर जायचंच ठरलं तर एका वेळी एकच माणूस. बाकीचे धारेवर, सोंडेवर, दाट झाडीत, जिथून तो शेवटपर्यंत दिसेल अशा जागी. तो सुरक्षित जागी पोचून हात करेपर्यंत दुसरा हलणार नाही. उताराच्या मधोमध फोटोसाठी गोळा होणं अजिबात नको. पन्नास मीटर बाय पन्नास मीटर, अर्धा मीटर जाडीची लादी म्हणजे अडीचशे टन बर्फ. उताराच्या हिशोबात ही छोटी लादी आहे.

कोणी गाडला गेलाच, तर मदतीला फोन लावून वाट बघण्याची वेळ नसते. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींनुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहापैकी नऊ जण जगतात. अर्धा तास उलटला की तिघेच. तोंडासमोर आपल्याच श्वासाने बर्फाची पापडी धरते आणि माणूस स्वतःची सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतो. दहा मिनिटांत तिथे पोचू शकणारे फक्त तुम्ही पाच जण आहात. म्हणून बीकन, प्रोब (बर्फात खुपसायची लांब, घडीची काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे. तिन्हीपैकी एक जरी नसेल तर बाकी दोन निरुपयोगी. बीकनने जागा कळते, प्रोबने खोली, आणि मीटरभर खोल माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो. हलल्यानंतर थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हाताने तो खणताच येत नाही. खणताना बरोबर डोक्यावर उभं राहू नका. प्रोब तसाच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरा. एक पुढे तोडतो, मागचे बर्फ मागे ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदलतो.

याचा सराव गुलमर्गला पोचल्यावर पहिल्या दिवशी करा. हॉटेलच्या मागच्या बर्फात पिशवीत बीकन घालून पुरा आणि दुसऱ्याला शोधायला लावा, घड्याळ लावून. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील. पाच मिनिटांच्या आत येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. त्यात एक दिवस गेला तरी जाऊ द्या. भाड्याचा बीकन घ्याल तर तीन ॲन्टेनांचा डिजिटल आहे ना बघा, बॅटरी नवी अल्कलाइन घाला, कपाटात पडून असलेल्या यंत्राची बॅटरीची खाच हिरवी पडली असेल तर दुसरा मागा. फोन बीकनपासून नेहमी वीस सेंटिमीटर लांब, आणि शोधताना पन्नास.

गाइडवर अविश्वास दाखवू नका. गुलमर्गची मुलं त्या उतारांवर लहानाची मोठी झाली आहेत. पण त्याला 'आज जाऊ शकतो का?' असं विचाराल तर पाहुण्याला 'हो' म्हणणं हा तिथला शिष्टाचार आहे. त्याऐवजी विचारा, 'आज कुठे जायचं नाही, आणि का?' डिसेंबरातला बर्फ राहिला होता का वितळला? परवाच्या वादळात वर वारा कुठून होता? शेवटचं हिमस्खलन कुठे दिसलं? चांगला गाइड उत्साहाने, बोट दाखवून सांगेल. गोलगोल उत्तरं आली तर त्या दिवशी दुसरा टप्पा आणि स्की पेट्रोलने खुली केलेली हद्द, एवढंच ठेवा. सुरुंग लावून सैल बर्फ आधीच पाडला जातो तो याच हद्दीत. दोरीपलीकडे कोणीही काही केलेलं नसतं. आणि जंगलातून द्रुंग, बाबारेशीकडे उतरणाऱ्या सोंडा, तीस अंशांच्या आतल्या, खराब हंगामातही सुंदर असतात. पहिले दोन दिवस तिथेच घालवा, पिट खणा, वारा बघा. परतीचं विमान रविवारी आहे म्हणून शनिवारी उतार सुधारत नाही, हे पाचही जणांनी निघण्याआधी पुण्यातच एकमेकांना सांगून ठेवा. एकाने नको म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं, कारण विचारायचं ते हॉटेलवर.

एअरबॅगचं राहिलं. वाहत्या बर्फात मोठ्या आकाराच्या वस्तू वर येतात, त्या तत्त्वावर ती चालते, आणि तिचा फायदा खरा आहे: गंभीरपणे अडकलेल्यांच्या एका मोठ्या अभ्यासात फुगलेल्या एअरबॅगमुळे मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. पण दर पाचातली एक फुगलीच नव्हती, बहुतेकदा माणसाला दांडी ओढायला जमलं नाही म्हणून. झाडाखडकांवर आपटण्यापासून आणि घळीत खोल गाडलं जाण्यापासून ती वाचवत नाही. पैसे मर्यादित असतील तर आधी पाचही जणांचे बीकन, प्रोब, फावडी आणि एक चांगला हिमस्खलन कोर्स. उरले तर एअरबॅग. नेणार असाल तर गॅसच्या नळकांडीवाली विमानात न्यायला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, ती लेखी घ्या आणि कागद बॅगेवरच ठेवा. श्रीनगरच्या विमानतळावर तपासणी कडक असते. पंख्यावर चालणाऱ्या एअरबॅगला नळकांडी लागत नाही, तिची दांडी सरावासाठी पुन्हा पुन्हा ओढताही येते, म्हणून भाड्याने मिळाली तर तीच घ्या.